चकमधली कुंभारीण



मागच्या वेळी पापडाच्या पिठाबद्दल लिहिलं होतं, आणि पुढच्या वेळी चातुर्मासातल्या भाज्यांबद्दल लिहीन असं सांगितलं होतं. ते राहू दे. या पावसाळ्यात आमच्या घरात जे झालं ते आधी लिहिते. विषय लोखंडाचा आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

आमच्या यांनी सदतीस वर्षं टर्नर म्हणून काढली. निवृत्त झाल्यावर मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक जुना लेथ आणून बसवला. शेतकऱ्यांच्या पंपाचे बुश, घरघंटीचा एखादा शाफ्ट, देवळातल्या दाराची पितळी मूठ, अशी किरकोळ कामं करतात. पैशापेक्षा हाताला काम असतं, म्हणून मी काही बोलत नाही. बोलत नाही म्हणजे फार बोलत नाही. मी परिग्रह-परिमाणाचा नियम घेतल्यापासून साड्या मोजून ठेवते, आणि शेडमध्ये मात्र दर महिन्याला काहीतरी लोखंड वाढलेलं असतं. यावरून आमचं जे व्हायचं ते होतंच.

वैशाखात हे कोल्हापूरला गेले आणि येताना एक चक घेऊन आले. ज्यांच्या घरी लेथ नाही (म्हणजे तुम्ही सगळ्याच) त्यांच्यासाठी सांगते. लेथवर जी वस्तू फिरवून कापायची असते तिला पकडून ठेवणारी ही जाड गोल मूठ. तिला जॉ असतात, म्हणजे पुढेमागे सरकणारे पोलादी दात. यांच्या लेथबरोबर चार जॉचा चक आला होता. त्यात प्रत्येक जॉ वेगळा आवळायचा, डायल लावून बघायचं, परत सैल करायचा, परत आवळायचा. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही यांना डायलवरच्या बारीक रेघा नीट दिसत नाहीत. एक बुश मध्यावर आणायला अर्धा तास जायचा आणि मग चिडचिड. तीन जॉच्या चकमध्ये तसं नसतं. आत एक गोल तबकडी असते, तिच्यावर जिलबीसारखी गुंडाळत गेलेली खाच. एका ठिकाणी चावी फिरवली की ती तबकडी फिरते आणि तिन्ही जॉ एकदम, सारख्या अंतराने आत येतात. नव्याची किंमत ऐकून हे दुकानातून तसेच परत आले होते. हा जुना, अठ्ठावीसशेला मिळाला. दुकानदार म्हणाला, थोडा जाम आहे. थोडा म्हणजे एकही जॉ हलत नव्हता. वरून तांबेरा इतका की हात लावला की बोटं लाल.

मी म्हटलं, "अहो, पंधरा किलोचं रद्दीतलं लोखंड अठ्ठावीसशेला?" हे म्हणाले, "उघडून बघू की." आणि चक मांडणीवर भिंतीकडे तोंड करून ठेवून दिला. पुतणीचं लग्न, मग उन्हाळा, मग आंबे. दोन महिने तो तिथेच.

आता सूनबाईबद्दल. ती आमच्या समाजातली नाही हे तुम्हाला माहीत आहे, मी पूर्वी लिहिलं आहे. नोकरी करते. तिची सुटी सहाला होते, घरी यायला सात वाजतात. आमच्याकडे मावळतीच्या आत जेवण. लग्नानंतर पहिले काही महिने ती आल्यावर दिवा लावून एकटी जेवायची. मी वाढायचे, पण चेहऱ्यावर काय असायचं ते माझं मला ठाऊक. मग एकदा नणंद आली होती, तिच्याशी बोलताना मी म्हणाले, "आमच्याकडे आता रात्रीची पंगत सुरू झालीये." सून दारात चप्पल काढत होती.

त्या दिवसापासून ती घरी जेवेना. "भूक नाही, आई" एवढंच. रविवारी सगळ्यांबरोबर दिवसा जेवायची, एरवी नाही. मला वाटलं राग धरलाय, बाहेर काहीतरी खाऊन येत असेल. मीही विचारलं नाही. आठ महिने आम्ही एका घरात "दूध आलं का" आणि "गॅस संपत आलाय" याच्या पलीकडे बोललो नाही म्हणायला हरकत नाही. दर रविवारी सकाळी मात्र ती शेडमध्ये सासऱ्यांकडे जाऊन बसायची. तिथून हसण्याचा आवाज यायचा. खरं सांगते, मला ते बघवायचं नाही.

आषाढात एका रविवारी चक उघडायचा बेत ठरला. माझा कपडे भिजवायचा मोठा टब मला न विचारता शेडमध्ये गेला होता, तो आणायला मी गेले. बघते तर टबात चार-पाच लिटर डिझेल ओतलेलं. त्यात चक रात्रभर बुडवून ठेवायचा, म्हणजे आतला घट्ट झालेला मळ सुटतो. पूर्वी हे काम रॉकेलवर व्हायचं, आता रॉकेल मिळतंय कुठे. दोघांनी फळीवरून चक सरकवत आणला. हे टबात सोडणार तेवढ्यात सून म्हणाली, "बाबा, थांबा."

तिने मोबाइलचा उजेड चकच्या मधल्या भोकात टाकला. आत मातीची चार-पाच बोटं, एकाला एक चिकटलेली. कुंभारणीचं घर. शेवटच्या बोटाची माती अजून ओली होती.

हे म्हणाले, "अगं, कुंभारणीचं आहे. काडीने काढून टाकू." मी तोंड उघडायच्या आत सून म्हणाली, "आत पिल्लं असतील ना. डिझेलमध्ये मरतील."

मैत्रिणींनो, हे वाक्य माझं होतं. मी म्हणायचं होतं.

मग यांनी वाद घातला, कारण यांना आठवड्याभरात एका शेतकऱ्याचे बुश द्यायचे होते आणि चार जॉच्या चकवर ते काम करायचा कंटाळा आला होता. शास्त्र यांनाही येतं. म्हणाले, गृहस्थाला चार प्रकारची हिंसा सांगितली आहे, संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. त्यातली संकल्पी तेवढी पूर्ण सोडायची. हे माझं काम आहे, ही उद्योगी झाली. मी म्हटलं, न दिसता घडली असती तर उद्योगी. आता दिसलं, आत चार इंद्रियांचा जीव आहे हे कळलं, आणि तरी बुडवायचं ठरवलं, तर ती संकल्पीच. हे गप्प बसले. सून आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होती. नंतर मला म्हणाली, "आई, ते चार प्रकार मला परत सांगाल?" आठ महिन्यांतलं पहिलं लांब वाक्य.

चक परत मांडणीवर गेला. सूनबाईचा आग्रह की अगदी त्याच जागी, तसाच भिंतीकडे तोंड करून, नाहीतर कुंभारणीला घर सापडणार नाही. यांनी मांडणीवरच्या धुळीत उमटलेली गोल खूण बघून तो बरोबर बसवला. दहा मिनिटांत ती निळसर-काळी, बारीक कमरेची बाई तोंडात मातीची गोळी घेऊन हजर.

लहानपणी आजी सांगायची की कुंभारीण अळी आणून कोंडते, तिच्याभोवती गुणगुणत राहते, आणि त्या ध्यासाने अळीचीच कुंभारीण होते. कीर्तनातही हा दाखला पुष्कळदा ऐकलाय, भ्रमरकीटक न्याय म्हणतात. मी तो मोठ्या कौतुकाने सुनेला सांगितला. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकलेली. जरा अडखळत म्हणाली, "आई, तसं नसतं. ती कोळी पकडते, डंख मारून लुळे करते, मारत नाही. ते जिवंत कोळी घरात भरते, त्यावर अंडं घालते आणि दार लिंपते. अंड्यातून अळी निघते ती ते कोळी खाऊन वाढते."

मला मळमळल्यासारखं झालं. म्हणजे आम्ही ज्या घराला हात लावला नाही, त्यात एकेका खोलीत कितीतरी कोळी लुळे होऊन पडलेले. मग आम्ही कोणाला वाचवलं? रात्री सामायिकाला बसले तरी तेच डोक्यात. यांना विचारलं तर म्हणाले, "आपण वाचवलं कुठं? आपण फक्त डिझेल ओतलं नाही." मुनिमहाराजांचा चातुर्मास गावात होता, त्यांना विचारू म्हणून ठरवलं होतं, पण दर्शनाला गेले की मागे रांग असते आणि कुंभारणीचा विषय काढायला संकोच वाटायचा. राहिलंच.

तीन आठवडे आणि वर थोडे दिवस गेले. रोज सकाळी कोणीतरी उजेड टाकून बघायचं. मीही. शेतकऱ्याचे बुश यांनी चार जॉच्या चकवर कुरकुरत करून दिले. त्याच काळात एकदा मी यांना म्हटलं, "सूनबाई बाहेर काय खाते देव जाणे." हे लेथ पुसत होते. म्हणाले, "बाहेर? ती दुपारचा डबा अर्धा ठेवते. साडेपाचला ऑफिसातच जेवते. हिवाळ्यात दिवस लहान, मग पाचला. तुला ठाऊक नाही?"

ठाऊक नव्हतं. आठ महिने ती दुपारच्या थंड पोळ्या संध्याकाळी खात होती आणि घरी येऊन "भूक नाही" म्हणत होती. मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. यांनी मला का सांगितलं नाही म्हणून मी यांच्यावरच ओरडले. ते म्हणाले, "मला वाटलं तूच सांगितलंयस तिला तसं करायला."

त्या रात्री मला झोप लागली नाही.

श्रावण लागला तेव्हा पाचही खोल्यांना गोल भोकं पडलेली दिसली. आणखी दोन दिवस थांबून यांनी ते घर पातळ लाकडी पट्टीने अलगद सोडवलं. मऊ ब्रशने आतबाहेर झाडून घेतलं, खाचांमधून दोन बारके कोळी आणि एक झुरळ निघालं, ते अंगणात सोडलं. मग डिझेल. त्यानंतरचं काम मी पाहिलं, थोडं केलंही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एका रात्रीने जॉ सुटले नाहीत, दोन रात्रींनी दोन सुटले. तिसरा लाकडी हातोड्याने हलके ठोकत, चावी मागेपुढे करत काढावा लागला. मागचं झाकण उघडल्यावर ती जिलबीची तबकडी दिसली. खाचेत ग्रीस आणि लोखंडाचा कीस मिळून डांबरासारखा थर झाला होता. तो काढायला सूनबाईने जुने टूथब्रश आणि बांबूच्या काड्या वापरल्या. खाचेच्या सुरुवातीलाच, जिथे जॉ पहिल्यांदा धरतो तिथे, कोणीतरी जबरदस्ती करून कडा दुमडली होती. सगळं अडत होतं ते मुख्य तिथे. यांनी ती बारीक कानशीने आणि तेलाच्या दगडाने हळूहळू साफ केली. चावी घालायची चौकोनी भोकं तीन असतात, त्यातलं एक घासून गोल झालं होतं. त्यावर लाल रंगाचा ठिपका दिला, तिथे चावी घालायची नाही.

तांबेऱ्यासाठी लिंबूफूल. हे तुमच्याही उपयोगाचं आहे, जुन्या बत्त्याला किंवा बिडाच्या तव्याला चालतं. एका लिटर गरम पाण्याला साधारण पन्नास ग्रॅम, रात्रभर बुडवायचं. सकाळी ब्रशने घासायचं, मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढून लगेच कोरडं करून तेल लावायचं. लगेच म्हणजे लगेच, चहा पिऊन येते म्हटलं तर परत लाल. चकचं धड असं काढलं. जॉ कडक केलेल्या पोलादाचे असतात, ते त्यात बुडवले नाहीत, नुसते पुसले. माझं पाणी तापवायचं पातेलं यात वापरलं गेलं आणि आता ते शेडचंच झालं आहे. परिग्रहातून एक वस्तू कमी.

मग तडा आहे का ते बघायचं होतं. धड बिडाचं असतं, आणि तडा गेलेला चक जोरात फिरताना फुटला तर जीवावर बेततं. तडा असेल तर भंगारात, असं यांनी आधीच सांगून टाकलं होतं. डिझेल चोळून कोरडं पुसलं, वरून खडूची पूड लावली. तडा असला तर त्यात शिरलेलं डिझेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. तिसऱ्या खाचेजवळ रेघ उमटली. हे काही न बोलता स्टुलावर बसले. सूनबाई म्हणाली, परत एकदा करू. बोल्टच्या भोकात कापड कोंबून, पुसून परत केलं. रेघ आली नाही. भोकातलं डिझेल ओघळलं होतं. तरी यांनी तिसऱ्यांदा केलं.

जोडताना जॉ क्रमाने घालायचे असतात, प्रत्येकावर आकडा ठोकलेला असतो, एक, दोन, तीन. खाचेचं टोक पहिल्या घरात दिसलं की पहिला, मग तबकडी फिरवायची, दुसरा, तिसरा. चुकलं तर तिन्ही मध्यावर भेटत नाहीत. माझ्या हातात दिलेला दुसरा. मी चष्मा लावून त्यावरचे आकडे वाचले आणि म्हटलं, "अहो, या दोघांवर जो लांब नंबर आहे तो याच्यावर नाही." यांनी घेऊन उजेडात धरला. "हा दुसऱ्या चकमधला आहे. मूळचा हरवला किंवा मोडला असणार, कोणीतरी त्याच मापाचा आणून घातलाय."

बसला तो. पण सरळ दांडा पकडून डायल लावला तर काटा पस्तीस घरं हलला. एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, वाचत होती सूनबाई. शिवाय तिन्ही जॉ पुढच्या तोंडाला झिजलेले, दांड्याच्या बाजूने उजेड दिसत होता.

मी म्हटलं, "मग या परक्यालाच घासून बरोबर करा."

हे म्हणाले, "तसं होत नाही. एकट्याला घासला तर कधीच जमायचं नाही. तिघांना एकत्र आवळायचं, चक फिरवत ठेवायचा आणि तिघांना एकदम घासायचं. ज्याचं जेवढं पुढं आलंय तेवढं त्याचं जाईल."

ते मशिनबद्दल बोलत होते. त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं, मी त्यांना चाळीस वर्षं ओळखते. पण मी आणि सूनबाई दोघींनी एकाच वेळी खाली बघितलं.

घासायच्या वेळी जॉ कशावर तरी आवळलेले लागतात, पण आतला भाग मोकळा हवा. त्यासाठी यांनी जाड पत्र्याची चकती केली, मध्ये मोठं भोक आणि कडेला तीन भोकं अशी, की जॉची टोकं त्यांत अडकून आवळली जातात आणि मधून घासायचा दगड आत जातो. छोटा हँडग्राइंडर लेथवर बांधला. दगडाची भुकटी लेथच्या गुळगुळीत पट्ट्यांवर पडली तर त्या खराब होतात, म्हणून मी माझी जुनी सुती साडी ओली करून आणली. हे केवढ्यानं तरी ओरडले. फिरत्या मशिनजवळ कापड नाही, पदर नाही, सुटे केस नाहीत. मग वर्तमानपत्रं भिजवून अंथरली. एका फेरीला एक-दोन घरं, त्यापेक्षा जास्त नाही. दोन रविवार लागले, कारण दिवसाउजेडीच करायचं. संध्याकाळी दिवा लावला की पावसाळ्यात पाखरं येऊन तेलात पडतात. तो नियम शेडमध्ये पहिल्यापासून आहे, आणि तो यांचा आहे, माझा नाही.

दुसऱ्या रविवारी दुपारी, हे डोळे धुवायला गेले असताना, मी सुनेला म्हणाले, "पाच वाजताच्या पोळ्या गार होत असतील." ती काही बोलली नाही. मी म्हटलं, "त्या दिवशी मी जे बोलले ते चुकलं. क्षमावाणीला सगळ्यांना सांगतो तसं नाही, हे वेगळं सांगतेय." ती डायलकडे बघत म्हणाली, "आई, मला वाटायचं मी जेवते त्याचा तुम्हाला त्रास होतो." मी म्हटलं, "होत होता." खोटं कशाला बोलायचं. मग दोघीही रडलो वगैरे नाही. तिने नाक पुसलं, हाताला डिझेलचा काळा होता, तो नाकाला लागला, आणि हे परत येऊन म्हणाले, "काय झालं, डायल पडला का?"

डायल पडला नव्हता. शेवटी काटा चार घरं हलला. जुन्या चकला एवढं पुष्कळ झालं म्हणाले. आतल्या खाचेला ग्रीस थोडंच लावलं, जास्त लावलं की कीस चिकटतो. लिथियम ग्रीसमधला साबण बहुतेक एरंडेलापासून करतात असं सूनबाईने वाचून सांगितलं, तेव्हा माझा तोही प्रश्न मिटला.

आता तिचा डबा दोन कप्प्यांचा आहे. संध्याकाळचा कप्पा मी भरते, गरम राहणाऱ्या भांड्यात. पर्युषणात तिने दशमीला एकाशन करून बघितलं, मी सांगितलं नव्हतं. दुपारी चारला डोकं दुखायला लागल्यावर फोन करून विचारत होती की पाणी चालतं का. तिखट अजून तिला आमच्याकडचं जास्त वाटतं आणि मला तिच्या माहेरची शेंगाची चटणी फार आवडायला लागली आहे, बिनलसणाची करते ती.

कुंभारणीचं जुनं घर यांनी फेकलं नाही, डायलच्या डब्याशेजारी ठेवलंय. आणि नवीन एका कुंभारणीने परवा शेडच्या खिडकीच्या कडीत माती आणून लावायला सुरुवात केली आहे. खिडकी लावता येत नाही, पाऊस आत येतो. लेथवर ताडपत्री टाकली आहे आणि हे रोज माझ्याकडे बघतात.